मामा, तुम्ही माझ्या चष्म्याकडे बघितलंत

तीर्थस्वरूप मामा,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी खेळ संपल्यावर मी म्हटलं, "मामा, तुमच्याबद्दल चार ओळी लिहिणार आहे." तुम्ही बॅगेचा पट्टा आवळत बोललात, "लिवा की. खरं नाव घालू नका." म्हणून नाव घालत नाही. आपल्या बेळगावच्या गोल्फ मैदानावर तुम्ही कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहून सोबत चालणारे, आणि तुम्हाला सगळे मामाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. पण हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण चष्मा लावून खेळणारा मी एकटा नाही. माझ्यासारखेच दोघे-तिघे अजून "वय झालं आता" असं म्हणून क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, कपाटात ठेवायच्या बेतात आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांनाही कळायला हवं.

तुम्हाला माहीत आहे, मला सहावीपासून चष्मा. शहापूरच्या शाळेत मागच्या बाकावरून फळा दिसेना तेव्हा लागला आणि वाढत वाढत मायनस सहावर येऊन थांबला. बँकेतली बदली होऊन बेळगावला परत आलो, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकलो, आणि तीन वर्षं बऱ्यापैकी खेळलो. मग चष्म्यातून जवळचं दिसेना, चाळिशी लागली. दुकानात सांगितलं की आता प्रोग्रेसिव्ह घ्या, एकाच काचेत लांबचं, मधलं, जवळचं सगळं बसतं, रेघही दिसत नाही. घेतला. बँकेत कॉम्प्युटरसमोर आणि सह्या करताना तो चष्मा खरोखर उत्तम होता, त्यात त्या दुकानदाराची काही चूक नाही. मी गोल्फ खेळतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं आणि त्यानंही विचारलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही जवळून पाहिलीत. बॉलच्या डोक्यावर क्लब लागून तो गवतातून सरपटत जायचा, नाहीतर बॉलच्या आधीच लाल माती उडायची. ज्याला त्याला उपाय माहीत होता. कुणी पकड बदलायला सांगितली, कुणी गुडघे. एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढून खांदे दाखवले. मी नवे आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब, घेतले, केवढ्याला ते घरी अजून नीट सांगितलेलं नाही. मधे २०२२ च्या ऑगस्टमध्ये मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळांना सुट्ट्या लागल्या, शोधायला हत्ती आणले, तेव्हा खेळ बंद झाल्याचं मला मनातून बरं वाटलं होतं. आवडीच्या गोष्टीपासून सुटका झाल्यासारखं वाटणं किती वाईट, हे तेव्हा कळलं.

आणि मग ती नोव्हेंबरातली सकाळ. दव इतकं की बूट ओले झाले होते. मी सात नंबर आयर्न घेऊन एकापाठोपाठ तीन बॉल टॉप केले, म्हणजे डोक्यावरच मारले. तुम्ही नेहमीसारखे माझ्या समोर, चार पावलांवर, बॅग उभी धरून थांबला होता. खेळाडू पवित्रा घेत असताना कॅडीनं बॉलच्या मागे, नेमक्या रेषेत उभं राहायचं नाही, असा नियम २०१९ पासून आहे. पण तुम्ही त्याच्याही आधीपासून समोरच उभे राहता. बाकी सगळे माझे हात आणि कंबर बघत होते. तुम्हाला माझा चेहरा दिसत होता.

चौथा बॉल ठेवायच्या आधी तुम्ही म्हणालात, "सायेब, एक बोलू काय? तुमी बॉल शोधूलालाय."

मी म्हटलं, बॉल तर समोर आहे.

"समोर हाय, खरं तुमास्नी दिसंना. मान खाली घालताय, मग हनुवटी छातीला लावताय, मग परत वर. चष्म्यातनं खिडकी हुडकूलालाय." मग तुम्ही विचारलंत, "घरात जुना चष्मा हाय काय, ह्याच्या आधीचा?"

होता. टेबलाच्या खणात, एक काडी सैल झालेला. पुढच्या रविवारी तो लावून आलो. बॉलकडे खाली बघितलं आणि बॉलची कड दिसली. नुसता पांढरा ठिपका नव्हता, त्यावरचे खळगे दिसले, एका खळग्यात अडकलेली गवताची काडी दिसली. मामा, दोन वर्षांत मला ते खळगे दिसले नव्हते आणि दिसत नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी सगळे फटके सरळ गेले असं मुळीच नाही, पण टॉप एकच झाला. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, झेंड्याची काठी परत लावताना हसलात.

नंतर मी टिळकवाडीतल्या एका नेत्रतपासनीस ताईंकडे गेलो आणि तुमचं ते "खिडकी" त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, अगदी बरोबर ओळखलंय. उभं राहून बघताना डोळ्यापासून बॉल साधारण दीड मीटरवर असतो. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे चाळीसेक सेंटीमीटरसाठी केलेला असतो. नजर खाली गेली की ती नेमकी त्या भागातून जाते आणि बॉल पुसट होतो. म्हणून माणूस नकळत हनुवटी आत ओढून वरच्या भागातून बघायला लागतो. मान वाकली की पाठ वाकते, आणि क्लब खाली येताना मान सुटली की सगळंच उचललं जातं. बायफोकललाही हेच लागू.

दुसरी गोष्ट त्यांनी कागदावर मांडून दाखवली, ती तुम्हाला तेव्हा घाईत सांगितली होती, आता नीट सांगतो. मोठ्या नंबरच्या काचेच्या मध्यातून न बघता कडेकडून बघितलं की वस्तू जागेवरून सरकलेली दिसते. मायनस सहाची काच, मध्यापासून एक सेंटीमीटर खालून बघितलं, तर दीड मीटरवरची वस्तू सुमारे नऊ सेंटीमीटर सरकते. बॉलचा व्यास नियमाप्रमाणे कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे दोन बॉलांएवढा फरक. एकच चष्मा वर्षानुवर्षं असला की मेंदू त्याची सवय करून घेतो, पण मान रोज वेगळी वाकत असेल तर सवय तरी कशाची करणार? तुम्ही मराठी चौथी शिकलात आणि हे सगळं नुसतं माझी हनुवटी बघून ओळखलंत. त्या ताईंनी दोनदा विचारलं, कॅडीनं सांगितलं हे?

त्यांच्याच सल्ल्यानं खेळण्यासाठी वेगळा चष्मा केला. फक्त लांबचा नंबर, जरा मोठी काच, नाकावरून न घसरणारी फ्रेम. तो माझा कोरड्या दिवसांचा चष्मा.

पण आपला पाऊस! जूनपासून बेळगावात पाऊस पडतो असं म्हणणंही चूक, तो नुसता हवेत असतो. तुम्ही इरलं पांघरून निवांत, आणि मी दर फटक्याआधी रुमाल काढून काच पुसतोय. पुसली की वाफ धरतेय. म्हणून डोळ्यात घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे कुठूनही बघितलं तरी मध्यातूनच बघितल्यासारखं. फ्रेमची कड नाही, थेंब नाहीत. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही हेही तेव्हाच कळलं. काच डोळ्यापासून बारा मिलिमीटरवर असते, लेन्स डोळ्यालाच चिकटते, म्हणून मायनस सहाचा हिशेब साडेपाचच्या आसपास येतो. एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देण्याची एक पद्धत आहे, म्हणजे वाचायचंही भागतं. ताईंनी मला ती घेऊ नका असं सांगितलं, कारण दोन्ही डोळे मिळून अंतराचा जो अंदाज देतात तो त्यात कमी होतो आणि ग्रीनवर चढउतार ओळखायला तोच लागतो. मी दोन्ही डोळ्यांना लांबचाच घेतला. त्यामुळे स्कोअरकार्ड दिसेनासं झालं. पूर्वी चष्मा कपाळावर चढवून कार्ड नाकाशी धरलं की भागायचं, लेन्स काही कपाळावर चढत नाही.

आता त्या लाल डोळ्याची गोष्ट. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फेब्रुवारीतला वारा, धुळीचा कण गेला आणि उजवी लेन्स बोटावर आली. मी ती नळाखाली धरून धुतली आणि परत घातली. त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वांत चांगला स्कोअर करत होतो. तीन होल, म्हणजे खेळाचे तीन टप्पे, उरले होते. तुम्ही समोर उभे होता म्हणून तुम्हाला दिसलं. "डोळा लाल हाय. पाणी गळूलालंय. थांबा." मी म्हटलं, संपवून जाऊ. तुम्ही क्लब बॅगेत घातलात, चेन ओढलीत आणि बॅग खांद्यावर घेऊन चालायलाच लागलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझं ऐकलं नाहीत ते तेवढंच एकदा. रिक्षात बसवेपर्यंत सोबत आलात.

डॉक्टर म्हणाले, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा आहे, वेळेवर आलात. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकून पडद्यात शिरला तर महिनोन् महिने उपचार चालतात, दृष्टीही जाऊ शकते. पंधरा दिवस लेन्स बंद. आता मी रोजच्या रोज टाकून द्यायच्या लेन्स वापरतो, एक जादा जोडी आणि चष्मा बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात असतो, आणि निघालेली लेन्स परत डोळ्यात जात नाही. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे: पाणी लावू नका. पिण्याचं, उकळलेलं, बाटलीतलं, कुठलंच नाही. आणि डोळा लाल झाला तर खेळ तिथंच सोडा.

एक बारीक गोष्ट राहिली. उन्हाळ्यात मी लेन्सवर तो महागडा पोलराइज्ड गॉगल लावून आलो होतो. सहा फुटांचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, मी वाकून उतार बघत होतो. तुम्ही म्हणालात, "ते काढा, मग चकाकी दिसंल." गॉगल काढला आणि कपाच्या, म्हणजे त्या भोकाच्या, डाव्या बाजूला गवत चमकताना दिसलं, उजवीकडे गडद. चमकतं तिकडं गवताची पाती आपल्यापासून लांब झुकलेली, बॉल पळतो. गडद तिकडं पाती आपल्याकडं, बॉल अडखळतो. गॉगल तीच चकाकी गिळत होता. बॉल कपात गेला. आता ग्रीनवर पोचलो की गॉगल टोपीवर जातो.

टायगर वुड्सनं १९९९ मध्ये लेसर करून घेतलं, त्याआधी तोही लेन्स लावूनच जिंकत होता, हे मी तुम्हाला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, "त्याला कोण सांगितलं?" त्याचं उत्तर मला माहीत नाही मामा. मला कोणी सांगितलं ते माहीत आहे.

आणि तुम्ही. दोनशे यार्डांवर रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, गेलेला बॉल तुम्ही सरळ चालत जाऊन उचलता. शोधायला आता नियमानं तीनच मिनिटं मिळतात, तुम्हाला एकही लागत नाही. पण लेन्स लावल्यापासून कार्ड तुमच्याकडे द्यायला लागलो, तेव्हा तुम्ही ते हात लांब करून, मग आणखी लांब करून धरायला लागलात आणि शेवटी आकडा तोंडानंच सांगितलात. तेव्हा तुमच्या समोर मी उभा होतो. दिवाळीनंतर तुम्हाला त्या ताईंकडे घेऊन गेलो, "मला काय धाड भरलीया" म्हणत तुम्ही आलात. त्यांनी जवळचं वाचायचं कार्ड पुढं केलं, कानडी एका बाजूला, मराठी एका बाजूला. तुम्ही मराठी बाजू वरून खाली सगळी वाचलीत, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा, आणि मग कार्ड उलटून कानडीही वाचायला लागलात.

त्या चष्म्याचे पैसे तुम्ही अजून विचारता. तो विषय बंद करा ही विनंती. रविवारी साडेसहाला येतो. पाऊस असला तर लेन्स लावून येईन, पेन्सिल मी आणतो, कार्ड तुम्ही लिहायचं. तुमचा चष्मा विसरू नका.

आपला,
तुमचा रविवारचा मायनस सहावाला
टिळकवाडी, बेळगाव