ठिपके जोडून काढलेला 'अ'

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुमचं मुलांना गणित शिकवणारं ॲप उघडून बसले, ते थेट साडेबारा वाजले. त्यातला ससा गोड आहे, आवाजही कानाला बरा. पण मुलं सरासरी बावीस मिनिटं ॲप सोडत नाहीत, असं तू फोनवर अगदी कौतुकाने सांगितलंस आणि मी नुसतं "हं" केलं. ते तुला लागलं, हे कळलं मला. बोलत बसलो असतो तर भांडणच झालं असतं, म्हणून लिहिते.

त्या बावीस मिनिटांत मूल काय करत होतं?

गेल्या महिन्यात पहिलीतली एक मुलगी माझ्यासमोर टॅबवर बेरजा करत होती. (ॲप तुमचं नव्हे, पण जातकुळी तीच.) चार पर्याय, बरोबर आला की घंटा वाजते. ही डावीकडून एकेक दाबत जायची आणि घंटा वाजली की पुढच्या गणिताला. दहापैकी दहा, वर तारे. तिची नजर कुठे जाते ते मी वहीत टिपत होते. दहा गणितांत प्रश्नाकडे तिने दोनदाच पाहिलं होतं. मग टॅब बाजूला ठेवला, समोर सात मणी मांडले, शेजारी पाच, आणि विचारलं, सगळे मिळून किती? तिने मण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पर्याय कुठेत?"

पोरगी हुशार आहे हं. खेळाचा नियम तिने बरोबर हेरला होता, फक्त तो बेरजेचा नव्हता. यात नवीनही काही नाही. रायन बेकर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासात गणित शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे बसलेली मुलं बारकाईने पाहिली. काही जण उत्तरं भराभर ठोकून बघत, काही उत्तर हाती लागेपर्यंत मदतीचं बटण दाबत राहत. अशी मुलं इतरांच्या सुमारे दोन-तृतीयांशच शिकली. शेजाऱ्याशी गप्पा मारण्यापेक्षा ही चलाखीच शिकण्याच्या जास्त आड येत होती. तुमच्या नोंदींत मात्र गप्पा मारणारा 'निष्क्रिय' ठरेल आणि ठोकणारा 'सक्रिय'.

ॲप किती आवडलं हे मुलांना चेहऱ्यांच्या चित्रांतून निवडायला लावून जे गुण मिळतात, त्यांवरही विसंबू नकोस. लहान मुलाला पाच चेहरे दाखवले की बहुतेक वेळा ते सगळ्यात हसरा निवडतं. जेनेट रीड या संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी ती चेहऱ्यांची पट्टी तयार केली आणि लहान मुलं वरच्याच टोकाला बोट ठेवतात, हे त्यांच्याच कामातून दिसलं. मी मात्र माझ्या पहिल्या अहवालात 'मुलांना अत्यंत आवडले' असं ठोकून दिलं होतं. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आता तुझी गोष्ट. तू पाच वर्षांचा होतास. अक्षरं गिरवण्याचं एक ॲप मी कामासाठी घरी आणलं होतं. ठिपके उजळायचे, त्यावरून बोट फिरवायचं, की 'शाब्बास!' आठवड्याभरात तुला 'अ' येतो म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले. एका संध्याकाळी तुला कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, काढ 'अ'. तू खाली वाकलास, जीभ ओठाबाहेर, आणि आधी कागदभर ठिपके काढलेस. एकेक, नीट, अंतर राखून. मग ते जोडलेस, तेही खालून वर. अक्षर झालं होतं म्हणा, पण तुझ्या लेखी ठिपके हाच 'अ'चा भाग होता.

म्हणून पडदा वाईट, असं मी म्हणत नाही. २०१४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली होती. समोर बसलेल्या माणसाकडून ती शिकली, व्हिडिओ कॉलवरूनही शिकली. आधीच टिपून ठेवलेल्या व्हिडिओवरून मात्र नाही. पडदा दोन्हीकडे होताच. कॉलवरची बाई मुलाच्या बोलण्या-हलण्याला धरून बोलत होती, एवढाच फरक. तुमचा ससा पहिल्या फटक्यात आलेल्या उत्तरालाही उड्या मारतो आणि चौथ्यालाही, अगदी तशाच. त्याला आधी तो फरक कळू दे. चुकल्यावर त्याने थांबावं, तेच गणित मण्यांनी मांडून दाखवावं. रंग-बिंग नंतर बघू.

आणि एक कर. पुढच्या चाचणीला एका टॅबवर दोन मुलं बसव. एकट्या मुलाला 'काय विचार करतोयस ते मोठ्यानं सांग' म्हटलं की ते गप्प होतं, पण दोघं बसली की "अरे थांब, आधी मोज ना!" असं आपणच बोलू लागतात. तू शेजारी बस, पण पडद्याकडे बघू नकोस. नजर, बोटं, कुजबूज, एवढंच लिहून काढ आणि ती वही मला पाठव. कच्चीच पाठव, सुधारून नको.

तो ठिपक्यांचा कागद माझ्या कपाटात आहे, हवा असेल तर फोटो धाडते.

तुझी,
आई