सईच्या ॲडमिशनबद्दल, एफडी मोडण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

बाबांनी फोनवर दोन गोष्टी विचारल्या. दादाच्या सईला अमेरिकेतल्या त्या कॉलेजांत प्रवेश मिळेल का, आणि एफडी मोडायची का. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत म्हणून लिहूनच पाठवते. दादा-वहिनींनाही वाचायला द्या.

ॲमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, बोडन ही लिबरल आर्ट्स कॉलेजांपैकी सर्वांत चुरशीची. शिक्षण मुख्यतः पदवीपर्यंतचं, वर्ग लहान, भौतिकशास्त्राच्या मुलीला इतिहासही घेता येतो. पहिल्या वर्षाला साधारण 400 ते 550 मुलं. अलीकडे शंभर अर्जांतल्या सात ते दहा जणांना होकार जातो. (बाबा, तुम्हाला आवडेल असं: विल्यम्समधून 1808 साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत मिशनरी म्हणून आला आणि 1826 मध्ये नाशिकच्या दौऱ्यावर पटकीनं गेला.)

पण हे सात-दहा टक्के सईचे नाहीत. एसटी रिकामी दिसावी आणि निम्म्या सीटा राखीव निघाव्यात, तसं आहे. आधी खेळाडू. या कॉलेजांत खेळाची स्कॉलरशिप नसते, तरी प्रशिक्षकांनी हेरलेल्या मुलांचा वाटा मोठा असतो. त्यातली बरीच मुलं अर्ली डिसिजनमधून येतात, म्हणजे नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला 'घेतलंत तर येणारच' असं बांधून अर्ज करतात. त्या फेरीचा आकडा म्हणूनच फुगलेला दिसतो. उरलेल्या जागांत परदेशी मुलांचा हिस्सा थोडा, आणि त्यात पैशांची मदत मागणाऱ्यांचा आणखी थोडा.

खरी मेख मदतीतच आहे. सगळा खर्च वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो, म्हणजे 75 लाख रुपयांच्या पुढे. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांचाही अर्ज ऐपत न बघता वाचतात आणि घेतलं तर गरजेइतके पैसे देतात. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, वेलस्ली, ग्रिनेल हीदेखील घेतलेल्या मुलीची गरज पूर्ण भागवतात, पण परदेशी मुलीला घ्यायचं की नाही हे ठरवताना तिला किती द्यावं लागेल ते बघतात. याचा अर्थ ॲमहर्स्ट सोपं असा मुळीच नाही. जगभरातली गरजू हुशार मुलं तिथेच धावतात.

सईची शक्यता अंदाजायला एक कागद पुरतो. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता आपल्या साइटवर टाकतात. दादानं त्यातला एच-6 हा भाग उघडावा. किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजनं मदत दिली आणि सरासरी किती, ते तिथे असतं. समजा 140 विद्यार्थी आणि सरासरी 72,000 डॉलर आहे. 140 ला चारनं भागलं की वर्षाला 35 जागा, त्याही साऱ्या जगासाठी. सरासरी 25,000 निघाली तर ते कॉलेज थोडे थोडे पैसे पुष्कळांना वाटतं, पूर्ण गरज असलेल्या मुलीला तिथे फारशी आशा नाही. मग सी-7 बघायचा, कशाला किती वजन ते तिथे कळतं. सी-9 मध्ये एसएटी या तिकडच्या प्रवेशपरीक्षेचे (1600 पैकी) गुण असतात, पण ते ज्यांनी पाठवले त्यांचेच. बोडननं तर 1969 पासून ही परीक्षा ऐच्छिक ठेवली आहे. कमी गुणवाले पाठवतच नाहीत, त्यामुळे आकडे चढे दिसतात. तरीही माझं मत असं की सईनं परीक्षा द्यावी. तिचं ज्युनिअर कॉलेज तिकडे कुणाला माहीत नाही. 1500 च्या वर आले तर पाठवावेत, 1400 च्या खाली आले तर पाठवू नयेत, मधले आले तर त्या त्या कॉलेजचा सी-9 बघून ठरवावं.

आई, तू म्हणालीस की बारावीला 95 टक्के पडले की झालं. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, यांचा निर्णय मार्चअखेर होऊन गेलेला असतो. ते बघतात नववी, दहावी, अकरावी आणि बारावीची सहामाही. आपल्याकडे जेईई-नीटच्या नादात अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, आणि तिकडे तेच सर्वांत ताजं पूर्ण वर्ष ठरतं. सईला अकरावीत 81 टक्के आहेत. ते आता बदलणार नाहीत. तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या शिफारसपत्रात तिथली अकरावीची तपासणी किती कडक आहे आणि वर्गात ती कितवी आहे, हे स्पष्ट यायला हवं.

दुसरी अडचण शिक्षकांची. दोन विषयशिक्षकांची पत्रं लागतात. क्लासशी जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात मुलं वर्गात बसतच नाहीत, मग 'हुशार व आज्ञाधारक' एवढंच लिहून येतं. असं पत्र अर्ज जागीच मारतं. तिच्या जीवशास्त्राच्या मॅडम तिला ओळखतात, त्यांनाच विचारावं. प्राचार्यांकडे हट्ट नको.

प्रमाणपत्रांची फाइल कुणी मागत नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जावर, दहाच उपक्रम, प्रत्येकाचं वर्णन 150 अक्षरांत. सई नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला जाते ना, तो पहिल्या क्रमांकावर. 'निसर्गाची आवड' लिहून उपयोग नाही. किती हिवाळे गेली, महिन्यातून किती वेळा, वहीत काय नोंदवते, चक्रवाकांची संख्या कधी घटली, ते लिहावं. मुख्य निबंध 650 शब्दांचा. तो तिनंच लिहावा, क्लासवाल्यांकडून सफाईदार करून घेतलेला लगेच कळतो.

आता एफडी. मोडू नका. तुमच्या नावावरचे पैसे दादाच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. पण आजोबा मदत करणार असं सांगितलंत तर तो आकडा अर्जात लिहावा लागतो आणि चारही वर्षं निभवावा लागतो. एफडीचे 40 लाख चार वर्षांत वाटले तर वर्षाला 10 लाख होतात. विल्यम्सच्या हिशेबात त्यानं फार फरक पडणार नाही. वूस्टर, डेनिसन, नॉक्स, लॉरेन्स अशा ठिकाणी गुणांवर स्कॉलरशिप मिळते, तिथे मात्र उरलेला खड्डा बुजवायला तेच पैसे निर्णायक ठरतील. म्हणून मार्चमध्ये मदतीची पत्रं हातात येईपर्यंत थांबा. व्हिसासाठी कॉलेजकडून आय-20 हा दाखला मागताना पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात, तेव्हा एफडी न मोडता बँकेचं पत्र साधारणपणे चालतं.

आणि 'आधी ॲडमिशन घ्या, पैसे नंतर मागू' हा काकांचा सल्ला कृपा करून कानाआड करा. अर्जात मदत मागितली नाही, तर बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांना पुढच्या वर्षांतही ती मागू देत नाहीत.

माझा अंदाज, सईचे कागद बघून: ॲमहर्स्ट-बोडन शंभरात दोन-तीन. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, माउंट होलिओक यांपैकी एखादं लागण्याची शक्यता पाचात एक. वूस्टर-नॉक्सकडून होकार बहुधा येईल, पैसे पुरतील की नाही ते पुढे कळेल. यादी दहाची ठेवावी. सोबत आपल्याकडची अशोका विद्यापीठ, पुण्याचं फ्लेम आणि फर्ग्युसन. तिन्हींचे अर्ज वेळेत, 'मग बघू' नको.

बाबा, तुमच्याकडून दोन कामं हवीत. दादाचे तीन वर्षांचे आयकर रिटर्न आणि घराचे कागद एका जागी काढून ठेवा, मदतीच्या सीएसएस प्रोफाइल अर्जाला लागतील. त्याची फी पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढे प्रत्येकी 16. आणि सईच्या जुन्या शाळेत जाऊन नववी-दहावीच्या गुणपत्रिकांवर सही-शिक्का घ्या, बंद लिफाफ्यात. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असतं आणि पहिली मुदत 1 नोव्हेंबरची, तेव्हा गणपतीआधीच जा. हेडक्लार्क दुपारी दोननंतर भेटत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

तुमची,
मंजू