नकली उपचाराचा आकडाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर मेंदूला उत्तेजन देण्याच्या उपचारांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माझा धाकटा भाऊ ११ वर्षे या आजाराशी झुंजतो आहे. असा मजकूर आमच्या घरात दोन-दोनदा वाचला जातो. लेखात किती टक्के रुग्णांना गुण आला ते होते; तुलनेसाठी नकली उपचार, म्हणजे सगळे खऱ्यासारखेच पण प्रत्यक्ष उत्तेजन न देता, घेतलेल्यांपैकी किती जणांना आला, ते नव्हते.

२००५ साली टोरांटोत डॉ. हेलन मेबर्ग यांच्या गटाने ६ रुग्णांच्या मेंदूत विजेचा प्रवाह देणारे इलेक्ट्रोड बसवले. सहा महिन्यांनी चौघे बरेच सुधारले होते. पुढे अमेरिकेत ९० जणांवर चाचणी झाली. इलेक्ट्रोड सगळ्यांनाच बसवले, पण एक तृतीयांश रुग्णांचा प्रवाह सहा महिने बंद ठेवला आणि तो कोणाचा, हे त्यांना कळू दिले नाही. प्रवाह चालू असलेल्यांपैकी २० टक्के सुधारले, बंद असलेल्यांपैकी १७! दोन वर्षांनी जवळपास निम्मे सुधारले खरे, पण तोवर सगळ्यांचाच प्रवाह सुरू झालेला, तुलनेला कोणी उरले नव्हते.

टीएमएसला, म्हणजे चुंबकीय उत्तेजनाला, शस्त्रक्रिया लागत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी माजी सैनिकांवरच्या चाचणीत ४१ टक्के नैराश्यमुक्त झाले; नकली उपचारात ३७. २०१० सालच्या दुसऱ्या एका चाचणीत हेच आकडे १४ आणि ५ होते. नुसता ४१ छापला तर तोच मोठा वाटेल, पण यंत्राचा गुण दिसतो तो दुसऱ्या चाचणीत. या उपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस जावे लागते, आणि तिथे कोणी आस्थेने विचारपूस केली की त्यानेही माणसाला उभारी येते. ती उभारी खरीच असते, पण यंत्राच्या खात्यावर मांडता येत नाही.

एका केंद्रात आम्हाला 'सत्तर टक्के गुण येतो' असे सांगितले. कशाच्या तुलनेत, याचे उत्तर मिळाले नाही. उलट 'शॉक' म्हणून लोक ज्याला घाबरतात त्या ईसीटीचा, म्हणजे मेंदूला विजेचे झटके देण्याच्या उपचाराचा, पुरावा नकली उपचाराशी केलेल्या तुलनेत अधिक भक्कम आहे, आणि भूल दिल्याशिवाय ती देण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. लेखात तिचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

यापुढे अशा लेखांत दोन्ही गटांचे आकडे, रुग्णसंख्या आणि कालावधी एकत्र द्यावेत, ही कळकळीची विनंती. भावाच्या उपचारांचा निर्णय आम्हाला येत्या महिन्यात घ्यायचा आहे.

आपली,
एक वाचक, पुणे