आजारी माणसाच्या उशाशी कॅमेरा नको

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला रुग्णांसाठीच्या प्रार्थनेचा फोटो आपण चांगला मोठा छापला आहे. हात उंचावलेले बंधू-भगिनी, मागे फ्लेक्स आणि मधोमध खाटेवर त्या आजी. आजींचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो. त्यांना कोणी विचारले होते का? प्रार्थना करणाऱ्यांना सुचले नसेल, पण आपल्या छायाचित्रकाराने तरी विचारायला हवे होते.

मी ख्रिस्ती आहे, शरणपूर रोडलाच राहते. बाहेरच्या कोणी टीका केली असे कृपया म्हणू नये.

माझी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. एका संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक प्रार्थनेला आले. आनंदच वाटला. पण दारातून आत येतानाच एकाचा मोबाईल वर झालेला होता, लाइव्ह सुरू. आईच्या अंगावर जुना गाऊन, केस विस्कटलेले, उशाशी वाटीत कवळी. एक हात चालत नव्हता. दुसऱ्या हाताने तिने चादर ओढून तोंड झाकून घेतले. तरी कोणी थांबले नाही. प्रार्थना लांबली आणि प्रार्थना करणाऱ्यांचे तोंड सगळा वेळ मोबाईलकडे होते. रात्री पुण्याहून नातेवाइकांचे फोन आले, "काकूंना पाहिलं." आईने मला अडखळत विचारले, "माझी कवळी दिसत होती का गं?"

आई गेली. तो व्हिडिओ अजून आहे. काढून टाका म्हटले तर "ताई, ती साक्ष आहे" असे उत्तर मिळाले; साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते चारचौघांत सांगणे. कुणाची साक्ष? आईची तर नव्हती.

त्याच दिवसांत मंडळीतल्या एक मावशी घरची कामे आटोपून यायच्या. आईचे केस विंचरायच्या, चादर बदलायच्या आणि मग शेजारी बसून हळू आवाजात बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणायच्या. आईही त्यांच्याबरोबर म्हणायची. त्या मावशींचे नाव कुठल्याही फ्लेक्सवर कधी आले नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, प्रभू येशूने सांगितले आहे की लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या. दान आणि उपवास यांबद्दलही तिथे हेच आहे. जिच्याशिवाय आमची एकही उपासना पुरी होत नाही, ती 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना त्याच ओळींच्या खाली येते. ती रोज म्हणणाऱ्यांना वरच्या चार ओळी दिसत नाहीत? यावर हटकून पाचव्या अध्यायातला दिवा पुढे करतात, तो मापाखाली ठेवू नये म्हणून. पण तिथे आपली सत्कर्मे दिसू द्या असे म्हटले आहे. दुसऱ्याचे दुखणे दाखवा असे नाही.

आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट गुलामगिरीतून सोडवलेला आफ्रिकन मुलगा होता. 1873 साली आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. मग तो आणि त्याचे सोबती महिनोन्‌महिने चालत लिव्हिंगस्टन यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन गेले. त्या रानात टाळ्या वाजवायला कोणी नव्हते. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला मिरवायचेच असेल तर हे सांगावे. आमच्या किती मुलांना ते नाव ठाऊक आहे?

आणखी एक. गुड फ्रायडेला आपल्याच अंकात पुढाऱ्यांच्या हसऱ्या फोटोंसह "गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा" अशा जाहिराती येतात. तो प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी आमच्याकडे कोणी कोणाला शुभेच्छा देत नाही. दरवर्षी वाचून जीव तुटतो. जाहिरात विभागाला एवढे एकदा कळवावे. त्या दिवशी काही छापायचेच असेल तर दुपारी 12 ते 3 ची उपासना कोणकोणत्या चर्चमध्ये आहे ते छापा, लोकांच्या उपयोगी पडेल.

आपली,
एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक