फोटो नकोत, पाच वर्षांनंतरचे रुग्ण दाखवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर पानभर मजकूर आला. ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ती कोणाला करता येते, किती किलो उतरतात, हे सगळे त्यात होते. सोबत एका बाईंचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो होते. सर्जन कसा निवडावा याबद्दल मात्र ‘अनुभवी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा’ एवढे एकच वाक्य होते. आमच्याही हाताशी तेव्हा एवढेच वाक्य होते आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या बहिणीने मोजली. म्हणून हे पत्र.

ताईचे वजन तेव्हा ११८ किलो होते आणि नऊ वर्षांपासून मधुमेह. तिने सर्जन निवडला तो फोटो बघूनच. पहिल्या भेटीत पाऊण तास एक समन्वयक बाई आमच्याशी बोलल्या. खोली कुठली, पॅकेजमध्ये काय काय येते, हप्ते कसे पाडता येतील, हे त्यांनी नीट समजावले. सर्जन आले ते जेमतेम दहा मिनिटांसाठी. ‘स्लीव्ह’ नावाची शस्त्रक्रिया करायची, शुक्रवारी जागा आहे, एवढे ठरवून ते उठले. ताईला रात्री दोन-दोन उशा लागायच्या. आडवे झाले की आंबट पाणी घशाशी यायचे. हे कोणी विचारले नाही, आणि ते आपण होऊन सांगायचे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते ती एक अरुंद नळी. ज्याला आधीच आम्लाचा त्रास आहे त्याचा त्रास या शस्त्रक्रियेने वाढू शकतो, आणि काढलेले जठर काही परत जोडता येत नाही. हे मला नंतर कळले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. चौथ्या दिवशी ताई घरी आली. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. मी पेशाने हिशेबनीस आहे, नोंद ठेवायची सवय आहे. एकोणीस दिवसांत मी रुग्णालयात बारा फोन केले. बाराही वेळा समन्वयक बाईच बोलल्या आणि उत्तर तेच : “सुरुवातीला असं होतंच, घोट लहान घ्यायला सांगा.” विसाव्या दिवशी संध्याकाळी ताईने समोरच्या पेल्याकडे हात नेला आणि तो पेल्याच्या बाजूला, रिकाम्या जागी पडला. “दोन पेले दिसतायत गं मला,” ती म्हणाली. उठली तर पाय फाकवून, भिंत धरून चालायला लागली.

आम्ही तिला जवळ होते त्या इस्पितळात नेले. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, उलट्या किती दिवसांपासून आहेत? उत्तर ऐकताच त्याने ग्लुकोजची बाटली बाजूला ठेवायला सांगितली आणि आधी शिरेतून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिले. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो, आणि अशा वेळी थायमिनच्या आधी ग्लुकोज गेले तर मेंदूला होणारी इजा वाढू शकते. ताईचे दुहेरी दिसणे काही दिवसांत थांबले. चाल सुधारायला सात महिने गेले. तळपायांची बधिरता आजही आहे.

सर्जनचा हात चुकला नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. टाके नीट होते, गळती झाली नव्हती. चुकले ते त्याआधीचे दहा मिनिटांचे बोलणे आणि त्यानंतरचे एकोणीस दिवस. शस्त्रक्रिया दोन तासांत उरकते, पण त्या सर्जनशी आपली गाठ पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी पडते. निवडताना आम्ही फक्त त्या दोन तासांचा विचार केला.

दीड वर्षाने माझ्यावरही तीच वेळ आली. मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार. घरच्यांचा कडाडून विरोध होता, तो मी समजू शकते. पण मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण तशाच इतर लठ्ठ व्यक्तींपेक्षा कमी आढळले. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांची नोंद ठेवली, त्यात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के होते. जाताजाता, आपल्या लेखात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५, अशी मर्यादा दिली आहे. ती १९९१ सालची आहे. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी ती बदलून सोबत आजार असो वा नसो ३५ वर आणली, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ सांगितली. म्हणजे या दारात आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसे उभी राहणार. म्हणूनच सर्जन निवडण्याचा प्रश्न एका वाक्यात उरकण्यासारखा राहिलेला नाही.

या वेळी मी वही घेऊन गेले. चार सर्जन पाहिले.

पहिल्यांना मी विचारले, तुमच्या रुग्णांपैकी कितींना टाक्यांतून गळती झाली, कितींना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, किती दगावले? ते हसून म्हणाले, “माझ्याकडे कॉम्प्लिकेशन होतच नाहीत.” मी तिथेच वही मिटली. शेकडो पोटे उघडणाऱ्या माणसाकडे एकही गुंतागुंत होत नसेल, तर एक तर तो मोजत नाही किंवा सांगत नाही. दुसरे फक्त स्लीव्हच करत. माझा प्रश्न पुरता ऐकायच्या आधी माझ्यासाठीही स्लीव्ह ठरली होती. तिसरे वेगवेगळ्या रुग्णालयांत जाऊन शस्त्रक्रिया करत. “तिसऱ्या रात्री माझी नाडी वाढली तर मला कोण बघेल?” असे विचारल्यावर ते रागावले. वाचून आलेल्या रुग्णांचा फार त्रास होतो, असे म्हणाले. प्रश्न रास्त होता, हे मी आजही म्हणेन. नाडी १२० च्या वर जाणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे ही गळतीची लक्षणे असू शकतात, आणि त्या वेळी तास मोजायचे असतात. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते तेव्हा दुसऱ्या गावी असतील, तर ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरच्या भरवशावर राहायचे का?

चौथ्या एक सर्जनबाई होत्या. बसल्याबसल्या त्यांनी पहिला प्रश्न केला, “झोपताना उशा किती घेता?” मला रडूच फुटले. त्या थांबल्या, मी ताईचे सगळे सांगितले, त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतले. मग माझ्याच रक्ताच्या रिपोर्टची मागची कोरी बाजू घेऊन पेनने जठर काढले. स्लीव्हमध्ये कुठे कापतात, बायपासमध्ये वर अंड्याएवढी पिशवी ठेवून आतडे कसे वळवून जोडतात, दोन्हींत कशाची भीती असते, हे त्या काढत काढत सांगत होत्या. तो कागद अजून माझ्या वहीत आहे. आकडे विचारले तेव्हा त्यांनी कपाटातून रजिस्टर काढले. गळती किती, रक्तस्राव किती, परत किती उघडावे लागले. एक मृत्यू होता. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, घरी गेल्यानंतर, बाराव्या दिवशी. ते सांगताना त्यांचा आवाज खाली आला. त्याच क्षणी मी ठरवले की शस्त्रक्रिया करायची तर यांच्याकडेच.

हातातही फरक असतोच, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या २० सर्जननी आपापल्या बायपास शस्त्रक्रियेचे चित्रीकरण दिले. नावे न कळता दुसऱ्या सर्जननी ते पाहून कौशल्याला गुण दिले. २०१३ मध्ये निकाल छापून आला. सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. आपल्यासारख्याला चित्रीकरण बघून काही कळणार नाही. पण किती केल्या, त्यांतल्या स्वतःच्या हाताने किती, आणि यंदा किती, हे विचारता येते. दुर्बिणीतून बायपास करण्यात हात बसायला साधारण शंभर शस्त्रक्रिया लागतात, असे याच क्षेत्रातल्या सर्जननी लिहून ठेवले आहे. त्या शंभरातले आपण कितवे, हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

सर्जनबाईंनी मला लगेच तारीख दिली नाही. आधी दुर्बिणीने जठर तपासले. त्यात माझ्या जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून थोडा वर सरकलेला दिसला, म्हणून स्लीव्ह बाद झाली आणि बायपास ठरली. सहा आठवडे रात्री श्वासाचे मशीन लावायला लावले. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना भेटायला लावले. शेवटचे दोन आठवडे यकृत लहान व्हावे म्हणून अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. वजनासाठीची नवी इंजेक्शने माझ्यासारखीला कितपत उपयोगी पडतील, हेही त्यांनीच आपण होऊन काढले. शस्त्रक्रिया न करण्याबद्दल माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच सर्जन.

भूलतज्ज्ञाला अशा रुग्णांची सवय आहे का, रात्री अतिदक्षता विभागात कोण असते, हे मी विचारलेच. एक प्रश्न मात्र मला कधी सुचला नसता, तो तिथल्या परिचारिकेने सांगितला. सीटी स्कॅनचे मशीन आणि शस्त्रक्रियेचे टेबल किती किलो पेलते, ते विचारा. गळतीचा संशय आला आणि रुग्ण मशीनवर चढवताच येत नाही, असे काही ठिकाणी होते.

आणि माझा शेवटचा प्रश्न, जो मी चौघांनाही विचारला होता. पाच वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांची शस्त्रक्रिया केली, त्यांतले किती आजही तुमच्याकडे येतात? पहिल्या दोघांनी विषय बदलला, तिसऱ्यांनी उत्तर दिले नाही. बाई म्हणाल्या, “निम्म्याहून कमी. आणि त्याची मला रुखरुख आहे.” त्यांच्याकडची एक परिचारिका आठवड्यातला एक दिवस फक्त न येणाऱ्यांना फोन करते. कारण ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यायचे आणि रक्त तपासत राहायचे असते. बायपासनंतर काही वर्षांनी अचानक पोटात कळ येऊन आतडे आतल्या आत अडकू शकते, आणि ज्याला हे ठाऊक नाही असा डॉक्टर ‘गॅस’ म्हणून घरी पाठवू शकतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडाशी व्रण होऊ शकतो. माझ्या पाकिटात बाईंनी दिलेले एक कार्ड असते. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, कुठल्या गोळ्या चालत नाहीत आणि रात्री लागणारा फोन क्रमांक आहे. तो क्रमांक मी दोनदा लावला आहे. दोन्ही वेळा डॉक्टरनेच उचलला.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी असे फोटो छापाल तेव्हा ‘नंतर’ म्हणजे किती नंतर, सहा महिने की सहा वर्षे, ते खाली लिहा. कुठली शस्त्रक्रिया झाली तेही लिहा. मजकूर रुग्णालयाने पैसे देऊन छापून घेतला असेल तर तसे ठळक अक्षरांत सांगा. आणि धोक्याची लक्षणे एका चौकटीत द्या, सतत उलट्या होणे त्यात सर्वांत वर. आमच्याकडे अशी एक चौकट कात्रण करून भिंतीला लावलेली असती, तर मी बारा फोन केले नसते. दुसऱ्याच दिवशी ताईला घेऊन निघाले असते.

माझी शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे झाली. साखर गोळ्यांशिवाय ताब्यात आहे, पुढे काय होईल ते तपासण्या सांगतील. ताई आता बाईंकडेच दाखवते. आम्ही दोघी एकाच दिवशी रक्त द्यायला जातो. तिने हे पत्र वाचले आहे. पेल्याचा प्रसंग गाळू का, असे मी विचारले होते. ती म्हणाली, तो राहू दे.

आपली,
एक वाचक