पन्नास रुपये भरले, आता दुसरं पिल्लू आणलं

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

परवा गुरुवारी संध्याकाळी समोरच्या शेजाऱ्याच्या गॅलरीत कुत्र्याचं पिल्लू आलं. काळं, अजून चालताना मागचे पाय घसरतात. साखळी मात्र जुनीच, टायगरची. ती पाहिली आणि रात्रभर डोळा लागला नाही.

टायगर हा याच शेजाऱ्याचा आधीचा कुत्रा. मी पुण्यात धनकवडीत राहते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी दहा-बारा फुटांवर. साखळी कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढीच, टायगरला धड आडवंही होता येत नसे. एप्रिलच्या उन्हात पाण्याचं पातेलं पालथं पडलेलं असायचं. मी झाडांच्या पाइपने इकडून पाणी सोडायचे आणि तो जिभेने धार पकडायचा. शेवटी त्याला सोडवलं. डॉक्टरांनी गळ्यातला पट्टा कापला, तेव्हा पट्ट्याबरोबर मानेची कातडी निघून आली. तिसऱ्या दिवशी तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. शवविच्छेदन कुणी करून घेतलं नाही, त्यामुळे मरणाचा गुन्हा लागलाच नाही.

उपाशी ठेवणं, आखूड साखळीला बांधून ठेवणं हे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. चौकीत तशी नोंद (एनसी) लिहून हातात दिली आणि कोर्टात जायला सांगितलं. तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तोही हक्क जातो, हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, गुडघे गेलेत. सात तारखांना कोर्टाचे जिने चढले. बीपीची गोळी एकाची दोन झाली. सोसायटीत मला ‘कुत्रेवाली बाई’ म्हणतात, हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. आणि सातव्या तारखेला त्या शेजाऱ्याने गुन्हा कबूल करून ५० रुपये भरले.

प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंडच १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याने हे वाचलेलं आहे. परवा जिन्यात मला म्हणाला, “काकू, पुन्हा भरू की.”

याच कायद्याच्या कलम २९ नुसार कोर्ट अशा माणसाला प्राणी पाळायला कायमची मनाई करू शकतं. त्या दिवशी ते कुणी मागितलंच नाही. मागितलं असतं आणि मिळालंही असतं, तरी पिल्लू विकणाऱ्याला ते कुठून कळणार होतं? शिक्षा झालेल्यांची यादी ठेवा, महापालिकेने कुत्र्याचा परवाना देताना ती पाहावी, विकणाऱ्याने ती पाहिल्याशिवाय पिल्लू हातात देऊ नये, आणि दुसऱ्यांदा सापडला तर मनाई बंधनकारक करा.

कायदा केंद्राचा आहे, राज्याच्या हातात नाही, हे उत्तर मला देऊ नका. प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय आहे. बैलगाडा शर्यतीसाठी याच राज्याने याच कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती आणली, सर्वोच्च न्यायालयात लढवली आणि १८ मे २०२३ रोजी ती टिकलीही. त्या दुरुस्तीत बैलाला इजा केली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे मोठी शिक्षा लिहिता येते. मंचर-जुन्नरच्या घाटात पळणाऱ्या बैलासाठी लिहिली, ते बरंच केलं. माझ्या समोरच्या गॅलरीतल्या कुत्र्याला ५० रुपये का?

केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये दंड वाढवण्याचा मसुदा काढला, लोकांकडून सूचना मागवल्या. मीही पाठवली होती, दोन पानं, स्वतः टाइप करून. हे असंच चालतं आपल्याकडे. सूचना मागवायच्या, पोच द्यायची आणि माणूस थकायची वाट बघायची. रस्त्यातला खड्डा असो, नळाचं पाणी असो, मुकं जनावर असो, तक्रार करणाऱ्यालाच हेलपाटे. करणारा मात्र घरी निवांत. चाळीस वर्षं मी कर भरते आहे. एकदा तरी कुणीतरी म्हणावं, बाई, तुम्ही बसा, आता आम्ही बघतो.

तुमच्या विभागाचं कुणी येणार असेल तर दुपारी दोन ते चारच्या मध्ये या. तेव्हा त्या गॅलरीत सावली नसते. मी पाइप पुन्हा नळाला जोडून ठेवला आहे.

आपली,
धनकवडीतली एक रहिवासी