कान्येच्या चार बहिणी

गॅबोरोन, रविवार

प्रिय सुमे,

'तिथल्या बायका कशा आहेत गं?' असं तू मागे विचारलं होतंस आणि फोनवर मी 'आपल्यासारख्याच' म्हणून वेळ मारून नेली. आज सुट्टी आहे, बाहेर ऊन मी म्हणतंय, म्हणून सविस्तर लिहिते. अख्ख्या आफ्रिकेबद्दल बोलायची माझी लायकी नाही, पण मी राहते त्या बोट्स्वानातल्या दोन कोर्टकज्ज्यांची गोष्ट तुला सांगायलाच हवी.

पहिला खटला युनिटी डाऊ यांचा. बाई मोचुडी गावच्या, पेशाने वकील. 1984 मध्ये त्यांनी अमेरिकन माणसाशी लग्न केलं. लग्नाआधी झालेली थोरली मुलगी इथली नागरिक. लग्नानंतरची दोन मुलं याच देशात जन्मूनही परकी! कारण त्याच वर्षीच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईच्या मुलांना नागरिकत्व मिळणार ते बापाकडून. इथल्या पुरुषाने परदेशी बायको केली तर मात्र काही अडचण नाही. सरकारने कोर्टात काय सांगावं? आमचा समाज पितृप्रधान आहे, म्हणूनच राज्यघटनेच्या भेदभावाच्या कलमात 'लिंग' हा शब्द आम्ही मुद्दाम घातलेला नाही. निदान मनातलं स्पष्ट बोलले म्हणायचं. बाई 1991 मध्ये उच्च न्यायालयात जिंकल्या, 1992 मध्ये अपिलातही, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. कायदा सुधारायला तरी 1995 उजाडलं. 1998 मध्ये त्याच बाई देशाच्या उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या.

डाऊबाई शिकलेल्या, कायदा कोळून प्यायलेल्या. मला जास्त जवळची वाटते ती एडिथ म्मुसी ही म्हातारी.

कान्ये हे इथून नैऋत्येला असलेलं, टेकडीवर पसरलेलं भलंमोठं गाव. तिथल्या वडिलोपार्जित घरात एडिथ राहत होती. त्या घराच्या डागडुजीसाठी आणि वाढीव बांधकामासाठी तिने आणि तिच्या तीन बहिणींनी पदरचे पैसे घातले होते. पण तिथल्या न्ग्वाकेत्से जमातीच्या रिवाजानुसार आईवडिलांचं घर धाकट्या मुलाचं. एका सावत्र भावाच्या मुलाने त्या घरावर हक्क सांगितला, घरातल्या धाकट्या भावाचा हक्क आपल्या बापाला मिळाला होता आणि त्याच्याकडून आपल्याकडे आला म्हणून. गावच्या रूढी-न्यायालयाने, म्हणजे जमातीच्या रूढींप्रमाणे निवाडा करणाऱ्या कोर्टाने, निकाल त्याच्या बाजूने दिला. वरच्या रूढी-न्यायालयाने घर सगळ्या भावंडांचं ठरवलं. त्याच्याही वरच्याने पुन्हा त्यालाच दिलं आणि म्हातारीला घर सोडायला सांगितलं. एवढ्यावर कुणीही हाय खाल्ली असती. एडिथ आणि बहिणी मात्र उच्च न्यायालयात गेल्या.

तिथे सरकारी वकिलांचा मुद्दा ऐक: लोकांची मनं अजून तयार नाहीत. न्यायमूर्ती ओआगिले डिंगाके यांनी ते मानलं नाही. लोकमतापेक्षा राज्यघटनेतली समानता मोठी, असं म्हणून ऑक्टोबर 2012 मध्ये त्यांनी बहिणींच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर 2013 मध्ये अपील न्यायालयानेही घर त्यांनाच दिलं, पण वेगळ्या वाटेने. त्यांचं म्हणणं, रूढी म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, ती माणसांबरोबर बदलत आलेली आहे; घर धाकट्या मुलाकडे आपोआप जातं असा काही नियम नाही. मला हा निकाल उच्च न्यायालयाच्या निकालापेक्षाही आवडतो. 'आमच्यात असंच असतं' म्हणणाऱ्याला त्याच्याच घरात जाऊन दिलेलं उत्तर आहे ते. तोवर एडिथने ऐंशी गाठली होती.

आता तू म्हणशील, ही कुठली कुठे चालली. अगं, तुझ्या दादाने हक्कसोडपत्राचा कागद पाठवलाय ना? आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, 2005 मध्ये केंद्राने. तेव्हा कायदा तुझ्या बाजूने आहे. तो एडिथच्या बाजूने नव्हता. तिला कोर्टाच्या पाच पायऱ्या चढाव्या लागल्या. तुला फक्त एवढंच करायचंय, सही करायची नाही. माहेर तुटेल ही भीती मला कळते, मीही त्याच तालुक्यातली आहे. पण साडीचोळीच्या बदल्यात सातबारावरचं नाव द्यायचं, हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय? निदान उतारा काढून वाच. दादाला म्हण, वहिनीसमोर बसून बोलू.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नकोस. रामोत्स्वा गावात 2003 मध्ये मोसादी सेबोको या बाई जमातीच्या मुख्य प्रमुख झाल्या, तरी गावच्या सभेला, खोत्लात, बाईने पँट घालून जायचं नाही. ऑफिसातली माझी मैत्रीण त्यासाठी गाडीच्या डिकीत एक कापड आणि डोक्याचा रुमाल कायम ठेवते. सभेच्या दाराशी कमरेला कापड गुंडाळते आणि आत जाऊन तावातावाने भांडते. 'कापडाचं काय, जमिनीचं बोलू,' म्हणते. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने सरकारी वाटपाची जमीन मिळावी, हे धोरणात यायला 2020 उजाडलं. त्यानंतर तिने अर्ज केलाय. जमीन वाटणाऱ्या मंडळाकडून अजून उत्तर नाही.

तुझी,
मंदा

ता. क. उताऱ्याचा फोटो पाठव, माझ्या वकील भाचीला दाखवते.